तारायानाचं अपहरण: खलनायकाला खऱ्या विज्ञानानं कोंडायचं कसं? (झाडीपट्टी नाटकासाठी मदत पाहिजे)

चुलबंदकाठ

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतरच्या मंडईसाठी, म्हणजे आमच्या झाडीपट्टीतल्या (पूर्व विदर्भातल्या) गावजत्रेसाठी, आमचं मंडळ यंदा वेगळं नाटक बसवून राहिलं. सासू-सून नाही, दारुडा नवरा नाही, थेट तारायान. यान नेपच्यूनच्या पलीकडे गेलेलं. एक माणूस पिस्तूल काढतो आणि यान ताब्यात घेतो. आत चौघं: कप्तान बाई, यंत्रं सांभाळणारी पोरगी, डॉक्टर आणि एक म्हातारा शास्त्रज्ञ. तिसऱ्या अंकात पोरगी त्याला फसवते, एवढं ठरलं आहे.

घोडं अडलं ते फसवण्यावर. मसुद्यात ती त्याच्या चहात गुंगीचं औषध टाकते. हे पाटलाच्या वाड्यात पण जमते, मग यान कायले पाहिजे? युक्ती अशी पाहिजे की ती यानातच होऊ शकते आणि खरीखुरी बसते. समोर आयटीआयची पोरं अन् शाळेचे मास्तर बसतात, खोटं लगेच पकडतात.

अटी: नट तारेवर लटकवता येणार नाहीत. लेझर-बिझर नाही. रंगमंच ३० बाय २० फूट, बाजूला जनरेटर चालू. खलनायक मरायला नको, शेवटी त्याचं एक मोठं स्वगत आहे आणि ते करणारा नट आधीच ॲडव्हान्स घेऊन बसला आहे.

इटियाडोह

आधी वजनाचा प्रश्न मिटवा, नाहीतर पहिल्याच प्रवेशात मास्तर हसतील. यान चाकासारखं फिरतं दाखवा. त्रिज्या १०० मीटर आणि मिनिटाला ३ फेऱ्या, एवढ्यात कडेच्या मजल्यावर पृथ्वीइतकं वजन मिळतं. कप्तान बाईच्या तोंडी एक वाक्य टाका आणि पुढे सगळ्यांना मोकळेपणानं चालू द्या.

याचा एक फायदा आहे. फिरत्या यानात फेकलेली वस्तू नवख्याला चकवते. किल्ल्यांचा जुडगा सेकंदाला १० मीटर वेगानं, फिरण्याच्या दिशेनं, ५ मीटरवर फेकला तर तो जमिनीवरच्या अंदाजापेक्षा पाऊण मीटर खाली जातो. उलट्या दिशेनं फेकला तर तेवढाच वर. यानात मुरलेल्या पोरीचा हात सरावलेला, खलनायकाचा नाही. शिवाय ३ फेऱ्यांच्या वेगात झटकन मान वळवली की नव्या माणसाला गरगरते, सवय व्हायला काही दिवस जातात. पहिल्या अंकात तो दोनदा भिंत धरतो एवढं दाखवलं तरी पुरे.

आता पिस्तूल. गोळी लागली की यान फुग्यासारखं फुटतं, असं कृपा करून दाखवू नका. ९ मिमीच्या भोकातून १०० घनमीटरच्या केबिनमधली हवा निम्मी व्हायला दीड तासाच्या आसपास लागतो. त्या भोकावर हवेचा जोर साडेसहाशे ग्रॅमच्या वजनाएवढा, हातानं झाकता येतं. म्हणजे पिस्तुलाची भीती माणसांना आहे, यानाला फारशी नाही. हे पोरीला माहीत आहे आणि खलनायकाला नाही, यावर एक चांगला प्रवेश होतो.

मदतीचंही सांगतो. नेपच्यूनच्या अंतरावरून रेडिओचा संदेश पृथ्वीवर पोचायला ४ तासांच्या वर लागतात, उत्तर यायला आणखी तेवढेच. तुमचं नाटक रात्री दहाला सुरू होऊन पहाटे संपत असेल तर पृथ्वीचं उत्तर पडदा पडल्यावर येईल. वरून कोणी वाचवणार नाही, हे पहिल्या अंकातच सांगून टाका.

मोहफूल

भाऊ, सोपं सांगू का? पंखा बंद करा. यानात हवा पंख्यानं फिरवा लागते. माणूस झोपला आणि तोंडापुढची हवा हलली नाही, तर त्याचाच उच्छ्वास त्याच्या नाकापाशी साचून रायते. डोकं धरते, माणूस बधिर होते. अंतराळ स्थानकात झोपाच्या खोक्यात हवा खेळती ठेवा लागते ते याच्याचसाठी. खलनायक झोपला का पोरगी त्याच्या कोठीचा पंखा बंद करन. औषध नाही, मारामारी नाही.

पाणसळ

मोहफूलजी, मुद्दा बरोबर, जागा चुकली. उच्छ्वास नाकाशी साचतो तो वजन नसलेल्या जागी, कारण तिथे गरम हवा वर जात नाही. इटियाडोहनी यान फिरतं केलं. मजल्यावर वजन आलं की उच्छ्वास आपोआप वर उठतो आणि खोलीभर पसरतो.

मग राहिलं बंद खोलीत हवा खराब होणं. माणूस दिवसाला साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणजे तासाला २३ लिटरच्या आसपास. १२ घनमीटरच्या कोठीत एकटा माणूस असेल तर तासाला ०.१९ टक्के वाढ. २ टक्के व्हायला दहा तास, तोवर फार तर डोकं दुखेल. ४ टक्के ही जिवाला धोक्याची पातळी धरतात, तिथे पोचायला वीस तासांच्या वर. तुमची मंडई उठून जाईल.

तरी हवेची दिशा सोडू नका. हवा मारण्यासाठी नको, दारासाठी वापरा. यानाचा दरवाजा आत उघडणारा असेल आणि आतला दाब बाहेरपेक्षा थोडा जास्त असेल, तर दार चौकटीवर दाबून बसतं आणि आतून कोणाच्या बापाला ओढून उघडत नाही. २७ जानेवारी १९६७ ला अपोलो १ च्या चाचणीत आग लागली तेव्हा हेच झालं. दार आत उघडणारं, आतला दाब बाहेरपेक्षा जास्त, तिघे अंतराळवीर आतच दगावले. त्यानंतर नासानं बाहेर उघडणारं दार केलं. प्रवासी विमानाचं बहुतेक दार उंचीवर उघडत नाही त्यामागेही हेच.

आता तुमच्या नाटकाचा हिशेब. दार लहान ठेवा, ४ फूट बाय सव्वादोन फूट, नट वाकून जातील. क्षेत्रफळ ०.८४ चौरस मीटर. बाहेरचा बोळ ४० घनमीटर आणि बोळाला लागून ४ घनमीटरचा एअरलॉक, म्हणजे अवकाशात बाहेर पडायची दोन दारांची खोली. पोरगी एअरलॉकमधली हवा आधीच अवकाशात सोडून तो रिकामा करून ठेवते. अडीच सेंटीमीटर व्यासाच्या व्हॉल्व्हमधून हे तीन-चार मिनिटांत होतं. खलनायकानं विचारलं तर "सीलची गळती तपासते" म्हणायचं. रिकाम्या एअरलॉकवरच सील तपासतात, तेव्हा हे खरंच आहे.

मग वेळ आली की ती एअरलॉक आणि बोळ यांच्यामधला व्हॉल्व्ह उघडते. बोळातली हवा एअरलॉकमध्ये शिरते, मिनिटभरात बोळातला दाब ९ टक्के उतरतो. दारावर जोर किती? जवळजवळ ७९० किलो. बोळातल्या माणसांना कानात दडा बसल्यासारखं होतं, बाकी काही नाही. समुद्रसपाटीवरून ८०० मीटर वर चढल्यासारखा फरक, चिखलदरा त्याहून उंच आहे.

एअरलॉक पूर्ण रिकामा करणं जरुरीचं आहे. नुसती १५ टक्के हवा सोडली तर दारावर १२० किलोच्या आसपासच जोर येतो. भिंतीला पाय लावून घाबरलेला धट्टाकट्टा माणूस तेवढं ओढू शकतो.

चुलबंदकाठ

बाप्पा! हेच पाहिजे होतं जी. पण तो त्या कोठीत जाईल कायले? अन् नियंत्रण कक्षात बसला असताना दार बसलं तर सगळी बटणं त्याच्याच हातात राहतात.

पाणसळ

म्हणून कक्ष नको, आसरा-कोठी पाहिजे. सूर्याच्या वादळात लपायला लांबच्या यानात अशी कोठी कल्पिलेली असते, यानाच्या पोटात, चोहोबाजूंनी पाण्याच्या टाक्या. त्यात नियंत्रण काही नाही. तुम्ही त्यात श्वासाचे मास्कही ठेवा.

त्याला तिथे पाठवायला सौर वादळाचा खोटा इशारा देऊ नका. छातीला लावलेलं, किरणं मोजणारं मापक पाहून तो एका मिनिटात खोटं पकडेल. धूर वापरा. अंतराळ स्थानकातले धुराचे सेन्सर हवेतल्या कणांवरून उधळणारा प्रकाश मोजतात, त्यामुळे साध्या धुळीनंही ते वाजतात, असं तिथे घडलेलं आहे. आणि अलार्म वाजला की खोल्यांमधली हवा खेळवणारे पंखे आपोआप बंद होतात, आगीला हवा मिळू नये म्हणून. तुमच्या यानात त्यासोबत डॅम्पर, म्हणजे हवेच्या वाटेतली झाकणंही, मिटतात असं धरा. आपल्याला हे फार सोयीचं, कारण ती उघडी राहिली तर बोळातला आणि कोठीतला दाब लगेच एक होऊन जाईल. पोरीनं जाळीत चिमूटभर धूळ फुंकायची. पुढचं यान स्वतः करतं.

पॅनेलवर "धूर" लिहून येतं. खलनायक ते स्वतः वाचतो. पोरगी फक्त खरं सांगते: पंखे बंद झाले, मास्क आसरा-कोठीत आहेत. तो पिस्तूल रोखून सगळ्यांना बाहेर काढतो, एकटा आत जातो आणि दार स्वतः लावतो. तिनं एकदाही "आत जा" म्हणू नये. लेखनात हे सांभाळा. संशयी माणूस दुसऱ्यानं दाखवलेल्या दारातून जात नाही, हिसकावून घेतलेल्या दारातून जातो.

बोळातला दाब उतरताना दाबाचा अलार्मही वाजेलच. दोन्हींचा भोंगा एकच ठेवा. हे ओढूनताणून नाही. २००५ साली ग्रीसमध्ये कोसळलेल्या सायप्रसच्या प्रवासी विमानात केबिनचा दाब भरत नसल्याचा भोंगा वाजला, पण तोच भोंगा उड्डाणाआधीच्या दुसऱ्या इशाऱ्यालाही होता. वैमानिकांनी तो दुसरा इशारा धरला आणि थोड्या वेळानं बेशुद्ध झाले. १२१ माणसं गेली. तुमचा खलनायक भोंगा ऐकून एवढंच समजेल की धूर अजून आहे.

पोरीला आणखी एक काम आधी करायला लावा. दाब उतरला की यानातला रेग्युलेटर आपोआप नवी हवा सोडतो. बोळाचा रेग्युलेटर आधीच हातचालू करून ठेवला नाही तर सगळी मेहनत पाण्यात.

मोहफूल

हाव, पटलं. पण यानाच्या दाराले दाब सारखा करायचा छोटा व्हॉल्व्ह असते ना? दोन्हीकून उघडता येते. त्यानं तोच फिरवला त मंग?

पाणसळ

असतो, आणि हाच खरा कच्चा दुवा आहे. अडीच सेंटीमीटरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तर पाऊण मिनिटात दार मोकळं. म्हणून बोळाच्या बाजूनं त्याचं तोंड झाकलेलं पाहिजे. त्यावर हवेचा जोर फक्त ४६० ग्रॅमच्या आसपास येतो, रबराचा तुकडा आणि चिकटपट्टी पुरते. चिकटपट्टीला कोणी हसलं तर चंद्राकडे जाताना वाटेत बिघडलेलं अपोलो १३ यान आठवा. १९७० मध्ये त्यातल्या तिघा अंतराळवीरांनी कार्बन डायऑक्साइड शोषणारे चौकोनी डबे गोल तोंडाच्या यंत्रणेला जोडले ते प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, सूटच्या नळ्या आणि चिकटपट्टी वापरूनच.

दाराच्या सीलमध्ये १ चौरस सेंटीमीटरची फट राहिली तरी चारेक मिनिटांत दोन्हीकडचा दाब सारखा होतो. पहिल्या अंकात पोरगी दाराचं रबर पुसताना दिसली पाहिजे. कोणी लक्ष देणार नाही, तिसऱ्या अंकात मात्र आठवेल.

इटियाडोह

एक भोक तुम्ही दोघांनी सोडलं, अक्षरशः. त्याच्याकडे पिस्तूल आहे. तो दारातूनच गोळी झाडेल. पत्रा पातळ ॲल्युमिनियमचा असेल तर ९ मिमीचं भोक पडलं. पाणसळ यांच्याच हिशेबानं ०.६४ चौरस सेंटीमीटर, म्हणजे सहा मिनिटांत दार सैल.

यातच तुमचा तिसरा अंक आहे असं मला वाटतं. त्या भोकावर जोर फक्त ६० ग्रॅमच्या वजनाचा, तळहात ठेवला की बंद. पण तळहात ठेवायचा तर गोळीच्या रेषेत उभं राहावं लागतं. पोरगी बाजूनं हात लांबवून पट्टी लावते, तेवढ्यात दुसरी गोळी. गोळ्या मोजत बसायला प्रेक्षकांना फार आवडतं. पिस्तुलात किती ते आधी सांगून ठेवा आणि मोजणीत एकानंही चुकू नका, मागच्या रांगेतून ओरडून सांगतील.

त्यानं बाहेरच्या भिंतीवर झाडली तर? कोठी जर यानाच्या कवचाला लागून असेल तर गोष्ट उलटते. १२ घनमीटरमधली हवा अवकाशात निघून जाते, दीड मिनिटात कोठीचा दाब बोळाइतका उतरतो आणि दार सुटतं. म्हणून कोठी पाण्याच्या टाक्यांच्या मधोमध ठेवण्याची सूचना मोडू नका. तिथे झाडली तर पाण्याची चिळकांडी उडते, गोळी तिथेच अडकते.

दुसऱ्या अंकासाठी वेळ काढायचा असेल तर एक देतो. तो म्हणेल, "यान मागे वळवा." यानाचं तोंड वळवणं वेगळं आणि वाट बदलणं वेगळं. इंजिन न पेटवता तोंड पूर्ण उलटं केलं तरी यान त्याच वेगानं त्याच वाटेनं जात राहतं. अपोलो १३ मध्ये बिघाड झाल्यावरही चंद्राला वळसा घालूनच परतले, मधूनच मागे फिरले नाहीत. वर तुमचं यान फिरतं आहे, म्हणजे भोवऱ्यासारखं तोंड वळवायला हट्ट करणार. घाई केली तर डगमगेल, तास लागतील. कप्तान बाईनं हे सांगितलं तर ते खरंच आहे.

खिडकी मात्र दाखवू नका. फिरत्या चाकाच्या खिडकीत तारे २० सेकंदांत एक फेरी मारतात. त्याऐवजी स्थिर कॅमेऱ्याचा पडदा आहे असं समजा, त्यावर तारे हळूहळू सरकतात, खलनायक खूश.

खलनायक मूर्ख नको असेल तर त्याच्या हातात ओळंबा द्या. इंजिन यानाला अक्षाच्या दिशेनं पृथ्वीच्या वजनाच्या शंभराव्या भागानं जरी ढकलत असेल, तरी १ मीटरचा ओळंबा १ सेंटीमीटर कलतो. ओळंबा सरळ राहिला म्हणजे इंजिन पेटलेलंच नाही. तो हे पकडतो आणि कप्तान बाईला ६० सेकंद खरंच इंजिन पेटवावं लागतं. तेवढ्यानं वेगात सेकंदाला ६ मीटरचा फरक पडतो. सूर्यमालेबाहेर निघालेलं व्हॉयेजर १ सेकंदाला १७ किलोमीटरनं जातं, तुमचं यान त्याहून हळू नसणार. ६ मीटरनं त्याचं काही अडत नाही. गवंडीकाम करणारे प्रेक्षक ओळंब्याच्या प्रवेशाला टाळ्या देतील.

चुलबंदकाठ

पिस्तुलात सहा गोळ्या, ठरलं. दोन अडचणी. त्यानं डॉक्टरला ओढून सोबत नेलं तर? अन् दाब तर दिसत नाही. मागच्या रांगेतल्या म्हातारीला दार काहून उघडत नाही ते कसं कळन?

इटियाडोह

डॉक्टर आत गेला तर युक्ती बिनकामी. दार बसेल, पण तो म्हणेल, "उघड, नाहीतर याला मारतो," आणि पोरीला उघडावंच लागेल. बाहेरून जोर लावूनही ते उघडत नाही, दाब सारखा करणं एवढाच मार्ग. म्हणून कोठीत मास्क एकच शिल्लक ठेवा. बाकीचे कुठे गेले हे म्हाताऱ्या शास्त्रज्ञाला ठाऊक, त्याला तेवढं तरी काम मिळू द्या.

पाणसळ

दाब दाखवायला गवंड्याची लेव्हल पाईप घ्या. १० मिमी आतल्या व्यासाची पारदर्शक नळी U आकारात पांढऱ्या फळीवर बसवा, दाराच्या शेजारी, उंची ५ फूट. निम्म्यापर्यंत लाल पाणी. एक तोंड कोठीकडे जातं, दुसरं बोळाकडे, असं कप्तान बाई एकदा सांगते. ९ टक्के दाबाचा फरक म्हणजे पाण्याच्या दोन पातळ्यांमध्ये ९४ सेंटीमीटर, जवळपास ३ फूट. हे नुसतं नाटकी नाही, खऱ्या यानातही पृथ्वीइतकं वजन असेल तर एवढाच फरक दिसेल.

चालवायचं असं. बोळाकडच्या तोंडाला ५ मीटर नळी जोडून विंगेत न्या आणि १०० मिलीची सिरिंज लावा. दांडा हळू ओढत गेलं की बोळाकडचं पाणी ४७ सेंटीमीटर चढतं, कोठीकडचं तेवढंच उतरतं. ८० मिलीच्या आसपास ओढावं लागतं, कारण नळीतली हवाही ताणली जाते. ६० मिलीची सिरिंज पुरणार नाही. ओढून झालं की नळी चिमट्यानं दाबून ठेवा, हात दुखला तर पाणी खाली येतं. गोळीचं भोक पडलं की चिमटा किंचित सैल करून सिरिंज थोडी परत ढकला, पाणी उतरायला लागतं. पट्टी लागली की थांबवा. म्हातारीला दाब कळला नाही तरी लाल पाणी वर पाहिजे एवढं कळतं.

रंगासाठी गुलाल नको, खाली बसतो. खायचा लाल रंग टाका. सांधे तारेनं आवळा. एखादा सांधा हवा पीत असेल तर पाणी थरथरत खाली येतं आणि दोष कुठे आहे ते कळत नाही. तालमीत सिरिंज ओढून पाच मिनिटं तसंच ठेवून बघा.

पंख्यांसाठी जाळीमागे १६ इंची टेबल फॅन आणि जाळीला क्रेप कागदाच्या दोन फुटी पट्ट्या. पंखा बंद झाला की पट्ट्या लोंबतात. यानाची घरघर स्पीकरवर चालू ठेवून त्याच क्षणी तोडा, पण ती जनरेटरच्या आवाजापेक्षा वरच्या पट्टीत निवडा, नाहीतर तुटली हे कोणाला ऐकूच येणार नाही.

मोहफूल

दाराचं सांगतो. फ्रेमवर ६ मिमी प्लाय ठोका, बिजागरी कोठीच्या आतल्या अंगानं, म्हंजे दार त्याच्याकडे उघडन. बोळाच्या बाजूनं दोन गडी चौकटीआड बसवून दाराच्या आडव्या पट्टीले दोर बांधा, ते धरून ठेवतीन. कडी लावू नका. कडी लावली का नट एका जागी धक्के मारते आणि दार खडखडते. दाबानं बसलेलं दार खडखडत नाही, हलतच नाही. दोर धरणाऱ्याइले सांगा का दाबाचं पानी फळीवर खाली आलं तसा दोर सैल सोडायचा, संवादावर नाही. नट संवाद विसरते, पानी विसरत नाही.

चुलबंदकाठ

सिरिंज आणि नळी उद्या आणतो. प्लाय मंडळाकडे आहे, पण ४ मिमीचं. चालन का?

मोहफूल

नाही चालत. सहा फुटी गडी ओढन त वाकून जाईन, अन् वाकलेलं दार पाहून लोकं हसतीन. ४ मिमीच असन त मागून तिरपी पट्टी द्या, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, दीड इंची.